कीटकाच्या शरीरात वोल्बाकिया आहे की नाही, हे कसे तपासावे

संध्याकाळी कानाशी गुणगुणणाऱ्या क्युलेक्स डासाच्या जवळजवळ प्रत्येक मादीच्या अंडाशयात एक जीवाणू वस्तीला असतो. तो माणसाला होत नाही, डासाला सहसा मारत नाही आणि आईकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत उतरत राहतो. मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाक यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत क्युलेक्स पिपियन्स या डासात तो पाहिला, आणि १९३६ मध्ये हर्टिग यांनी त्याचे सविस्तर वर्णन करून वोल्बाकिया पिपिएन्टिस असे नाव दिले. त्यानंतर कित्येक दशके या जीवाणूकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज मात्र जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के जातींमध्ये तो असावा, असा अंदाज मांडला जातो. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, साधी रेणवीय जीवशास्त्राची सोय असलेल्या महाविद्यालयात, विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे असे हे काम आहे. ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवासाठी विषय शोधणाऱ्यांनी तर त्याचा अवश्य विचार करावा. त्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. ‘आहे’ हे उत्तर मिळवणे या कामात तुलनेने सोपे असते. ‘नाही’ असे म्हणण्यासाठी अधिक पुरावा लागतो आणि बहुतेक अहवाल तिथेच कच्चे पडतात.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिला कल पेट्री डिशकडे असतो. इथे तिचा उपयोग नाही. वोल्बाकिया हा पेशीच्या आत राहणारा जीवाणू असून कोणत्याही कृत्रिम माध्यमावर तो स्वतंत्रपणे वाढत नाही. प्रयोगशाळेत तो कीटकपेशींच्या संवर्धनातच टिकवावा लागतो. कीटक चिरडून आगार माध्यमावर पसरवला, तर उगवतील त्या आतड्यातल्या आणि कातडीवरच्या जीवाणूंच्या वसाहती, आणि त्यांचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध नसेल. म्हणून तपासणी डीएनएच्या आधारे करावी लागते: कीटकाच्या शरीरातला सगळा डीएनए काढायचा आणि त्यात वोल्बाकियाच्या एखाद्या जनुकाचा तुकडा आहे का, हे पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने, पाहायचे.

कोणते कीटक घ्यावेत

कीटकांची निवड करताना दुर्मीळ जातींच्या मागे लागू नये. तांदळातले सोंडे, मूग-चवळीतले भुंगेरे, पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे, गटारातले डास, पिठातले किडे, घराघरांत आढळणाऱ्या मुंग्या हे सगळे उत्तम नमुने आहेत, कारण एकाच जातीचे पुष्कळ कीटक सहज मिळतात. केळ्याचा एक तुकडा बाटलीत टाकून तिच्या तोंडावर कागदाचे नरसाळे बसवले, की दुसऱ्या दिवशी चिलटे आत सापडतात. रात्रीच्या प्रकाशसापळ्यात, म्हणजे पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावला असता, एका तासात इतकी विविधता गोळा होते की नंतरची ओळख पटवण्यातच आठवडा जातो. तेव्हा पहिल्या वेळी हा मोह आवरलेला बरा.

क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा आपल्याकडचा सामान्य गटारी डास मात्र यादीत असलाच पाहिजे, आणि तो केवळ नमुना म्हणून नव्हे. त्याच्या शरीरात वोल्बाकिया जवळपास नेहमीच असतो. त्यामुळे विकतचा प्रमाणित डीएनए नसतानाही तो आपल्याला खात्रीचा ‘होकारार्थी नियंत्रक’, म्हणजे तपासणी नीट चालली का हे दाखवणारा नमुना, म्हणून वापरता येतो. याउलट डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात हा जीवाणू निसर्गतः सहसा नसतो, आणि त्याच कारणामुळे प्रयोगशाळेत त्याच्यात वोल्बाकिया मुद्दाम घालून असे डास डेंग्यूच्या नियंत्रणासाठी सोडण्याची कल्पना पुढे आली. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे असे डास सोडले होते तिथे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कीटकजन्य रोग नियंत्रण संशोधन केंद्रानेही वोल्बाकिया असलेल्या एडिस इजिप्तीच्या वसाहती तयार केल्या आहेत.

शेतीशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ट्रायकोग्रामा ठाऊक असतो. उसावरच्या आणि कपाशीवरच्या अळ्यांसाठी शेतात ट्रायकोकार्ड टाचले जातात, त्या कार्डावरच्या अंड्यांतून बाहेर पडणारी ही चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी. ट्रायकोग्रामाच्या काही जातींत वोल्बाकिया असल्यास मादी नराशिवाय केवळ माद्याच जन्माला घालते. प्रतिजैविक दिले की नर पुन्हा दिसू लागतात. किडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालण्याचे काम मादीच करत असल्याने ट्रायकोकार्ड बनवणाऱ्यासाठी ही बाब कुतूहलापुरती उरत नाही. कार्डावरचे कीटक तपासायचे असतील तर उत्पादकाकडून जातीचे नाव आणि तुकडीची तारीख आधी लिहून घ्यावी.

परवानगीचा मुद्दा कोरडा असला तरी टाळता येत नाही. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक मुंगीही उचलू नये. काही फुलपाखरे आणि भुंगे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आहेत, त्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पासाठी फुलपाखरे पकडूच नयेत, हे उत्तम. नमुने किंवा डीएनए परदेशी पाठवायचा विचार असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. घरातल्या आणि महाविद्यालयाच्या आवारातल्या कीटकांबाबत ही अडचण येत नाही, हाही साध्या नमुन्यांचा एक फायदाच.

पकडणे, टिकवणे, ओळखणे

कीटक पकडल्याबरोबर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये टाकावा. फॉर्मालिन चुकूनही वापरू नये, कारण त्यात डीएनएची मोडतोड होते आणि पुढचे सगळे कष्ट वाया जातात. प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटातले जुने जपलेले नमुने याच कारणासाठी बाजूला ठेवावेत. शुद्ध इथेनॉलची खरेदी अबकारी नियमांखाली येते, तेव्हा महाविद्यालयाच्या भांडारातून ते रीतसर मागवावे. सॅनिटायझर किंवा रंगीत स्पिरिट हा त्याला पर्याय नाही.

टिकवण्याच्या कामात एक बारकावा आहे. कीटकाच्या शरीरात पाणी असते, आणि नळीत कीटक जास्त व इथेनॉल कमी असले तर ते पाणी मिसळून इथेनॉल सौम्य होते. म्हणून कीटकाच्या आकारमानाच्या किमान दहापट इथेनॉल ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ते एकदा बदलावे. भुंगेऱ्यांचे कवच कठीण असते. इथेनॉल आत शिरण्यासाठी पोटाच्या खालच्या बाजूला सुईने एक छेद द्यावा, नाहीतर बाहेरून ताजा दिसणारा भुंगेरा आतून कुजलेला निघतो. नळ्या उणे २० अंशांवर ठेवाव्यात. तशी सोय नसेल तर साध्या फ्रिजमध्येही काही आठवडे चालतात.

नळीत टाकायचे लेबल पेन्सिलीने लिहावे, कारण बॉलपेनची आणि मार्करची शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि चिठ्ठी कोरी होते. लेबलवर ठिकाण, तारीख, कीटक कशावर सापडला आणि कोणी पकडला एवढे तरी असावेच. डीएनए काढण्यापूर्वी प्रत्येक कीटकाचे वरून, बाजूने आणि पंखांचे छायाचित्र घ्यावे. जात ओळखता आली नाही तरी हरकत नाही. सारखे दिसणारे कीटक एका गटात ठेवून त्यांना सांकेतिक क्रमांक द्यावा. मात्र त्याच जातीचा किमान एक कीटक अखंड जपून ठेवावा. पुढे कोणी ओळखीवर शंका घेतली, तर दाखवण्यासारखा पुरावा तोच असतो. एकदा चेचून झालेल्या कीटकाची जात विचारण्यात अर्थ नाही.

एका जातीचे किती कीटक तपासावेत, याचा हिशेब आधी करावा. समजा एखाद्या ठिकाणच्या कीटकांपैकी १० टक्क्यांत वोल्बाकिया आहे. त्यातले कोणतेही १० तपासले, तर दहाही नकारार्थी निघण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के राहते. ३० तपासले तर ती ४ टक्क्यांवर येते. म्हणजे दोन-तीन सोंडे तपासून ‘या जातीत वोल्बाकिया नाही’ असे लिहिणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखे आहे, आणि इथे शिते सारखी नसतात.

डीएनए काढताना

वोल्बाकिया सर्वाधिक प्रमाणात मादीच्या अंडाशयात आढळतो, म्हणून मोठ्या कीटकाचे पोट तेवढे घ्यावे आणि शक्य तिथे मादी निवडावी. डास, चिलट किंवा मुंगी असेल तर पूर्ण कीटक घेतला तरी चालतो. कीटक इथेनॉलमधून काढून निर्जंतुक पाण्यात दोनदा बुडवावा आणि टिपकागदावर कोरडा होऊ द्यावा, कारण उरलेले इथेनॉल पुढच्या विकरांना अडथळा करते. प्रत्येक कीटकानंतर चिमटा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून, पाण्याने धुऊन, पुसून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि विद्यार्थी पाचव्या नमुन्यानंतर ते टाळू लागतात. अशा वेळी एका डासाचा तुकडा पुढच्या दहा नळ्यांमध्ये पोहोचतो आणि सगळी मालिका होकारार्थी येते.

दीड मिलिलिटरच्या नळीत लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारे द्रावण, घालून प्लास्टिकच्या छोट्या मुसळीने कीटक नळीतच नीट चेचावा. पाय आणि पंखांचे तुकडे राहिले तरी बिघडत नाही, पण पोट पूर्ण फुटले पाहिजे. त्यात प्रोटिनेज-के हे विकर घालून नळी ५६ अंश सेल्सिअसला एक ते तीन तास ठेवावी. कठीण कवचाच्या कीटकांसाठी रात्रभर ठेवलेले चांगले. त्यानंतर डीएनए काढण्याच्या विकतच्या किटमध्ये दिल्याप्रमाणे द्रावण सिलिकाच्या स्तंभातून सेंट्रिफ्यूज करावे, दोनदा धुवावे आणि शेवटी ५० ते १०० मायक्रोलिटर बफरमध्ये डीएनए उतरवून घ्यावा. डास-चिलटांसारख्या लहान कीटकांसाठी ५० च पुरेसे, नाहीतर द्रावण फार पातळ होते.

किट परवडत नसेल तर चेलेक्स रेझिनची जुनी रीत आहे. पाच टक्के चेलेक्सच्या मिश्रणात कीटक चेचून, प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर ठेवावा, मग ९५ अंशांवर १० ते १५ मिनिटे तापवून सेंट्रिफ्यूज करावे आणि वरचे निवळ द्रावण वापरावे. तळाशी बसलेले रेझिनचे मणी पीसीआरच्या नळीत गेले तर ते मॅग्नेशियम बांधून ठेवतात आणि अभिक्रिया बंद पडते, म्हणून पिपेटचे टोक तळापर्यंत नेऊ नये. या रीतीने मिळालेला डीएनए महिनोन्महिने टिकत नाही, पण त्याच आठवड्यात पीसीआर करायचा असेल तर काम चोख होते.

प्रत्येक खेपेला एक नळी कीटकाशिवाय चालवावी: तोच बफर, तेच विकर, तोच स्तंभ, फक्त कीटक नाही. या कोऱ्या नळीतून पुढे वोल्बाकियाचा पट्टा दिसला तर दोष रसायनांत किंवा हातात आहे, आणि त्या खेपेचे सगळे निकाल टाकून द्यावे लागतात. ही नळी वाचवणे म्हणजे नसती काटकसर आहे.

पीसीआर

प्रत्येक नमुन्यासाठी दोन स्वतंत्र अभिक्रिया लावाव्यात. पहिली वोल्बाकियाच्या १६-एस आरआरएनए जनुकासाठी, ‘डब्ल्यू-स्पेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राइमरच्या (हवा तो तुकडा हेरून त्याची प्रत सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्यांच्या) जोडीने. तिच्यातून ४३८ बेस-जोड्यांचा (बेस-जोडी हे डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) तुकडा मिळतो. दुसरी कीटकाच्या स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओ-वन या जनुकासाठी, फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिलेल्या प्राइमरच्या जोडीने; तिच्यातून सुमारे ७१० बेस-जोड्यांचा तुकडा येतो. दुसऱ्या अभिक्रियेचा हेतू दुहेरी आहे. डीएनए नीट निघाला आहे, याची ती ग्वाही देते आणि पुढे डीएनएमधील अक्षरांचा अनुक्रम काढल्यास कीटकाची ओळखही पटवते.

नेहमीच्या २५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत दुप्पट तीव्रतेचे मास्टर मिक्स (पीसीआरला लागणाऱ्या विकर आणि रसायनांचे तयार मिश्रण) १२.५, दोन्ही प्राइमर प्रत्येकी १, डीएनए २ आणि निर्जंतुक पाणी ८.५ मायक्रोलिटर घ्यावे. नमुन्यांची संख्या ठरली की मास्टर मिक्स, प्राइमर आणि पाणी यांचे एकत्र मिश्रण करून वाटावे. एखाद्या नळीचे मिश्रण जास्तच बनवावे, कारण पिपेटच्या टोकाला चिकटून थोडे जातेच. वोल्बाकियासाठी ९४ अंशांवर २ मिनिटे, मग ९४ अंशांवर ३० सेकंद, ५५ अंशांवर ४५ सेकंद आणि ७२ अंशांवर १ मिनिट अशी ३० ते ३५ आवर्तने, आणि शेवटी ७२ अंशांवर १० मिनिटे हा कार्यक्रम चालतो. सीओ-वनसाठी मधले तापमान ५० अंशांच्या आसपास खाली आणावे लागते. पट्टा फिका येतो म्हणून आवर्तने ४० पर्यंत वाढवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास हवेतून आलेला धूलिकणाएवढा डीएनएसुद्धा उजळून दिसतो.

या सगळ्याबरोबर आणखी दोन नळ्या लावाव्यात. एकीत खात्रीच्या क्युलेक्सचा डीएनए, दुसरीत डीएनएऐवजी पाणी. पाण्याची नळी सर्वांत शेवटी भरावी, म्हणजे भरताना काही सांडले-उडाले असेल तर ते तिच्यात उमटते. पीसीआर भरण्याचे टेबल आणि जेल चालवण्याचे टेबल वेगळे असावे. शक्य असेल तर खोलीही वेगळी असावी, आणि जेलच्या टेबलावरचे पिपेट भरण्याच्या टेबलावर कधीही आणू नये. पीसीआर पूर्ण झालेल्या एका नळीत त्या तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात आणि झाकण उघडताच त्यांतल्या काही हवेत जातात. ज्या प्रयोगशाळेत हा नियम पाळला जात नाही, तिथे काही महिन्यांनी पाण्यातही वोल्बाकिया सापडू लागतो.

जेल वाचणे

दीड टक्क्याचे जेल करण्यासाठी ५० मिलिलिटर टीएई बफरमध्ये पाऊण ग्रॅम आगारोज पूर्ण निवळेपर्यंत उकळावे. डीएनए रंगवण्यासाठी इथिडियम ब्रोमाइडऐवजी कमी घातक असा सायबर-सेफसारखा रंग घ्यावा, विशेषतः पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती काम असेल तेव्हा. जेलच्या खाचा काळ्या (ऋण) टोकाकडे असाव्यात, म्हणजे डीएनए लाल टोकाकडे सरकतो. पहिल्या खाचेत १०० बेस-जोड्यांची लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, नंतर नमुने, आणि शेवटी क्युलेक्स, पाणी व कोरी नळी असा क्रम ठेवावा. १०० व्होल्टवर साधारण ३५ ते ४० मिनिटांत लॅडरचे पट्टे सुटे होतात.

प्रकाशात जेल धरल्यावर वोल्बाकियाचा पट्टा लॅडरच्या ४०० आणि ५०० च्या पट्ट्यांमध्ये, ४०० च्या किंचित वर दिसला पाहिजे. सीओ-वनचा पट्टा ७०० च्या पातळीवर येतो. अगदी तळाशी, १०० च्याही खाली, एक धूसर डाग दिसतो. ते प्राइमर एकमेकांना चिकटून तयार झालेले तुकडे असतात आणि त्यांना काही अर्थ नाही. आधी नियंत्रकांकडे पाहावे, नमुन्यांकडे नंतर. क्युलेक्सच्या रांगेत पट्टा नसेल तर वोल्बाकियाची अभिक्रियाच चाललेली नाही. पाण्यात किंवा कोऱ्या नळीत पट्टा असेल तर नमुन्यांत काय दिसते, याला किंमत उरत नाही. नियंत्रक बरोबर असतील तरच पुढे जावे.

नमुन्यात सीओ-वनचा पट्टा ठळक आहे आणि वोल्बाकियाचाही आहे: होकार. सीओ-वन आहे, वोल्बाकिया नाही: तूर्त नकार. दोन्ही नाहीत: निकाल नाही, आणि हा तिसरा प्रकार दुसऱ्यात मिसळणे हीच या कामातली सर्वांत सामान्य चूक. डीएनए निघालाच नसेल किंवा कीटकाच्या शरीरातली रंगद्रव्ये पीसीआरला अडवत असतील, तर वोल्बाकिया असूनही दिसणार नाही. अशा वेळी डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावावा. अडथळा आणणारे द्रव्य पातळ झाले की पुष्कळदा पट्टा उमटतो. सीओ-वन स्पष्ट असूनही वोल्बाकिया न दिसण्याचे आणखी एक कारण म्हणजे जीवाणूंची संख्याच फार कमी असणे. अशा नमुन्यांसाठी वोल्बाकियाच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे डब्ल्यूएसपी हे जनुक घेऊन दुसऱ्या प्राइमरच्या जोडीने पडताळणी करावी. तिचा तुकडा सुमारे ६०० बेस-जोड्यांचा असतो.

होकाराचेही काही सापळे आहेत. कोळ्याच्या पोटात त्याने खाल्लेले चिलट असू शकते आणि अळीच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू. दोन्ही ठिकाणी वोल्बाकिया भक्ष्याचा किंवा परोपजीवीचा असून आपण तो यजमानाच्या नावे लिहितो. भक्षक कीटक पकडल्यावर दोन दिवस उपाशी ठेवून मग इथेनॉलमध्ये टाकल्यास हा धोका कमी होतो, आणि कोळ्याच्या बाबतीत पोटाऐवजी पाय तपासून पाहणेही उपयोगी पडते. दुसरा सापळा अधिक खोल आहे. काही कीटकांच्या स्वतःच्या गुणसूत्रांत वोल्बाकियाच्या जनुकांचे तुकडे कायमचे शिरलेले आहेत. कडधान्यावरच्या कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस या भुंगेऱ्याच्या एक्स गुणसूत्रात असा मोठा तुकडा असल्याचे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. म्हणजे आपल्या डब्यातल्या मुगाचा भुंगेरा जिवंत जीवाणूशिवायही होकारार्थी येऊ शकतो. अशा जातीत एका जनुकाच्या पट्ट्यावर विसंबून न राहता अनेक जनुके पाहावीत, आणि शक्य असल्यास अंडाशय रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू प्रत्यक्ष दाखवावेत.

अनुक्रम काढणे

पट्टा योग्य उंचीवर आला, म्हणून तो वोल्बाकियाचाच असे नाही. किमान काही नमुने सँगर पद्धतीने अनुक्रम काढण्यासाठी पाठवावेत. पुण्या-मुंबईत आणि अन्यत्र ही सेवा देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. हाती आलेल्या आलेखाची दोन्ही टोके, जिथे शिखरे एकमेकांवर चढलेली असतात, कापून टाकावीत आणि उरलेला अनुक्रम एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावरील ब्लास्ट या अनुक्रम जुळवून पाहण्याच्या साधनात घालावा. मधल्या भागात जागोजागी दुहेरी शिखरे दिसत असतील, तर एका कीटकात वोल्बाकियाचे दोन प्रकार एकत्र असण्याची शक्यता असते. त्याला वाईट अनुक्रम म्हणून फेकून देऊ नये.

ब्लास्टने दाखवलेले पहिले नाव जसेच्या तसे अहवालात उतरवण्याची घाई करू नये. १६-एस जनुक वोल्बाकियात फारच थोडे बदलते, त्यामुळे ‘तंतोतंत जुळणारा’ अनुक्रम शेकडो कीटकांतून नोंदलेला असतो आणि त्यावरून प्रकार ठरत नाही. वोल्बाकियाचे मोठे गट रोमन अक्षरांनी ओळखले जातात. कीटकांत प्रामुख्याने ए आणि बी, हत्तीरोगाच्या कृमींसारख्या सूत्रकृमींत सी आणि डी, तर ढेकणात एफ. प्रकार निश्चित करायचा असेल तर गॅट-बी, कॉक्स-ए, एचसीपी-ए, एफटीएस-झेड आणि एफबीपी-ए या पाच जनुकांची २००६ पासून प्रचलित असलेली मालिका वापरावी लागते. तो खर्च पहिल्या प्रकल्पात करू नये.

हत्तीरोगाचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे. विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांत हा रोग अजून आढळतो, तिथे त्याचे कृमी क्युलेक्स डासच पसरवतो, आणि त्या कृमींच्या शरीरातही त्यांचा स्वतंत्र वोल्बाकिया असतो. कृमींना तो जगण्यासाठी आणि प्रजननासाठी लागतो, म्हणूनच काही आठवडे दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने जीवाणू नष्ट झाले की कृमी वांझ होतात. अशा भागात पकडलेल्या डासाच्या होकारामागे डासाचा वोल्बाकिया आहे की कृमीचा, हे पट्ट्यावरून कळत नाही. त्यासाठी अनुक्रमच पाहावा लागतो.

जीवाणू काय करतो, हे पाहायचे असेल तर

पीसीआर अस्तित्व दाखवतो, परिणाम दाखवत नाही. मोठा चांदवा हे फुलपाखरू आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास दिसते. सामोआ बेटांवर त्याच्या शरीरातला वोल्बाकिया नर पिल्ले अंड्यातच मारत असे, आणि २००१ मध्ये तिथे नर शंभरात एखादाच उरला होता. २००६ पर्यंत नरांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले. जीवाणू तसाच होता. फुलपाखरांच्या समूहात त्याला दाद न देणारे जनुक पसरले होते. तेव्हा केवळ पट्टा पाहून ‘या जातीत वोल्बाकिया नर मारतो’ असे लिहिणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

परिणाम पाहण्यासाठी कीटक पाळावे लागतात, आणि सुरुवातीला ड्रोसोफिला चिलटांसारखी सोपी जात घ्यावी. वोल्बाकिया असलेल्या वाणातली काही चिलटे टेट्रासायक्लिन मिसळलेल्या खाद्यावर दोन पिढ्या वाढवावीत आणि पीसीआरने जीवाणू गेल्याची खात्री करावी. लगेच प्रयोग लावू नये. टेट्रासायक्लिन मायटोकॉन्ड्रियांनाही त्रास देते आणि आतड्यातले इतर जीवाणूही मारते, म्हणून आणखी किमान दोन पिढ्या साध्या खाद्यावर जाऊ द्याव्यात. त्यानंतर चार जोड्या लावाव्यात: जीवाणूसहित नर आणि जीवाणूसहित मादी, जीवाणूसहित नर आणि जीवाणूरहित मादी, जीवाणूरहित नर आणि जीवाणूसहित मादी, आणि दोन्ही जीवाणूरहित. नर कोवळे, एक-दोन दिवसांचे घ्यावेत, कारण ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर जातीत नराचे वय वाढते तसा अंडी न उबण्याचा परिणाम झपाट्याने ओसरतो.

प्रत्येक जोडीची अंडी मोजून ३६ तासांनी किती उबली, याची नोंद करावी. फक्त दुसऱ्या जोडीत, म्हणजे जीवाणूसहित नर आणि जीवाणूरहित मादी यांच्यात, अंडी उबण्याचे प्रमाण लक्षणीय घटले आणि बाकी तिन्ही जोड्या सारख्या राहिल्या, तर तो पेशीद्रव्यातील विसंगतीचा परिणाम आहे. या विसंगतीमागची दोन जनुके २०१७ मध्ये ओळखली गेली. तिचा व्यावहारिक वापर मात्र त्याच्या पन्नास वर्षे आधी झाला होता. लाव्हेन या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये म्यानमारमधील रंगूनजवळच्या ओक्पो गावात विसंगत नर सोडून तिथल्या क्युलेक्स डासांचा नायनाट केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा यामागे जीवाणू आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते. येन आणि बार या संशोधकांनी ते १९७१ मध्ये दाखवले.

अंडी न उबण्याला साधे कारणही असू शकते: मीलनच झालेले नसते. ते वगळण्यासाठी न उबलेली अंडी एक-दोन दिवस तशीच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीत. गर्भ तयार होऊन मेलेली अंडी तपकिरी पडतात, तर फलित न झालेली बहुधा पांढरीच राहतात. पण विसंगतीत काही गर्भ अगदी पहिल्या विभाजनांतच मरतात आणि तीही अंडी पांढरी दिसतात. म्हणून रंगावर न थांबता प्रत्येक जोडीतल्या काही माद्यांची शुक्रधानी (शुक्राणू साठवणारी पिशवी) विच्छेदन करून तीत शुक्राणू हलताना दिसतात का, हे तपासावे. ज्या मादीच्या शुक्रधानीत शुक्राणू नाहीत तिची अंडी मोजणीतून वगळावीत आणि वगळलेल्या माद्यांची संख्या अहवालात द्यावी.